गळक्या गिरजाघराचे पाटोळेसाहेब

शांतवन पाटोळे यांची आणि माझी ओळख काशीतल्या ब्रह्माघाटावरच्या आमच्या गणेशोत्सवात झाली, आणि ओळख होताहोताच मी त्यांच्यासमोर स्वतःचं हसं करून घेतलं. पुढे सात-आठ वर्षं आमचा स्नेह टिकला. हसं होण्याचा क्रमही टिकला.

त्या वर्षी कीर्तनाला नागपूरहून एक बुवा यायचे होते. अंगणात सतरंज्या पसरलेल्या, पेटीवाले आणि तबलजी सूर जुळवून बसलेले, बायका पोरांना गप्प करून थकलेल्या, आणि बुवांचा पत्ता नाही. इतक्यात ठेंगणा, रुंद खांद्यांचा, बुशशर्टातला एक माणूस गल्लीतून आत आला. चपला दाराशी काढून इकडेतिकडे पाहत उभा राहिला. उत्सवाचे अध्यक्ष म्हणजे माझे चुलते, नाना. त्यांना गाठून तो म्हणाला, "मी स्टेशनावर पार्सल ऑफिसात असतो. तुमच्या बुवांची गाडी इटारसीला अडकलीय. उद्या सकाळशिवाय येत नाही. निरोप मराठीत द्यायचा म्हणून मला पाठवलं."

नानांचा चेहरा उतरला. तो माणूस जायला वळला, घुटमळला आणि म्हणाला, "हरकत नसेल तर मी थोडं करू का? वडील करायचे. घरात आहे ते."

एरवी आमच्याकडे नवा मराठी माणूस आला की पाणी द्यायच्या आधी आडनाव, गाव आणि कुळाचार विचारून होतो. त्या दिवशी घाईत राहून गेलं. नानांनी आपलं उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि त्याला उभं केलं.

आख्यान असं होतं : एका श्रीमंत बापाचा धाकटा मुलगा आपला वाटा मागून घेतो, परदेशी जातो, सगळं उधळतो, उपाशी पडतो, डुकरं राखतो, आणि शेवटी नोकर म्हणून तरी ठेवा असं म्हणायला घरी परततो. तो लांब असतानाच बाप त्याला ओळखतो आणि धावत सुटतो. "बाप धावतो बरं का," असं म्हणून तो माणूस जागच्या जागी असा काही धावला की आमच्या अंगणातल्या ज्या ज्या घरांतली मुलं मुंबई-दिल्लीला जाऊन पत्र टाकायची विसरली होती, त्या घरांतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

कीर्तन संपल्यावर आमच्या वैदिक मंडळींत चर्चा सुरू झाली, की ही कथा कोणत्या पुराणातली. एकाने भागवत म्हटलं, दुसऱ्याने मान हलवली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो. इतिहासाच्या अध्यापकाने पुराणं वाचलेली असतात असा एक गोड गैरसमज तेव्हा ब्रह्माघाटावर होता आणि तो मी कधी दूर केला नव्हता. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "पद्मपुराण. उत्तरखंड."

"लूक," तो माणूस म्हणाला.

"कुठला लोक?" मी विचारलं.

"लोक नाही साहेब, लूक. लूककृत शुभवर्तमान. मी ख्रिस्ती आहे. शांतवन पाटोळे."

 नानांनी एकदा पाटोळ्यांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मग म्हणाले, "म्हणजे पद्मपुराणात नाही तर. बरं. पाटोळे, आरतीला थांबा. मोदक घेतल्याशिवाय जायचं नाही."

पाटोळे थांबले. मागे भिंतीशी हात बांधून अदबीने उभे राहिले. नंतर मला शोधत आले आणि म्हणाले, "तुम्ही नेवासकर ना? म्हणजे नेवाशाचे. मी शेवगावकडचा. आपण एका जिल्ह्याचे निघालो की राव!"

आमचे पूर्वज पेशवाईत नेवासं सोडून काशीला आले. नेवासं मी नकाशातच पाहिलं होतं. पण पाटोळ्यांना मधली दोन-अडीचशे वर्षं ही किरकोळ गोष्ट वाटली. त्यांनी मला गाववाला ठरवून टाकलं आणि ते नातं शेवटपर्यंत सोडलं नाही.

बनारसमध्ये त्यांचं नाव कोणाला नीट घेता यायचं नाही. स्टेशनावरचे हमाल त्यांना 'शांतिवन बाबू' म्हणत. "स्मशानाचा मॅनेजर असल्यासारखं वाटतं," असं ते म्हणायचे, पण दुरुस्त करायचे नाहीत. सगळी नोकरी पार्सल ऑफिसात गेल्यामुळे प्रत्येक वस्तू हातात घेऊन वजन करायची सवय त्यांना जडली होती. पेढ्यांचा पुडा, पुस्तक, आमच्या मुलीचं दप्तर, काहीही हातात आलं की ते तळहातावर जरा वरखाली करायचे. बोलण्यातही तेच. एखाद्याचं भाषण ऐकून बाहेर पडताना म्हणायचे, "पॅकिंग चांगलं होतं." बस, एवढंच. आत काय होतं याबद्दल बोलायचे नाहीत.

त्यांच्या पत्नी रूथकाकू उंच, सावळ्या आणि कमी बोलणाऱ्या. नाताळात त्या करंज्या-चकल्या-लाडवांचा डबा आमच्याकडे पाठवत. माझी बायको सुधा दिवाळीत तोच डबा भरून परत पाठवी. चकलीत रूथकाकूंचा हात जास्त चांगला होता. सुधाने हे कधी मान्य केलं नाही, पण दर नाताळात पहिली चकली तीच खायची.

आमची मराठी बनारशी. आम्ही 'फिलहाल थांबा, मग बघू' असं म्हणणारे लोक. पुण्याचे नातेवाईक आमचं बोलणं ऐकून हसायचे. पाटोळे कधी हसले नाहीत. उलट म्हणायचे, "तुम्ही बोला हो. इथं मराठी कानावर पडते हेच खूप. रूथ बोलत नाही आणि पाद्रीसाहेब हिंदीवाले. माझी मराठी मी फक्त देवाशी बोलतो."

देवाशी ते बोलत त्या जागेमुळे मी त्यांच्या आयुष्यात नको तितका शिरलो.

छावणीच्या बाजूला, रेल्वेच्या पलीकडे, इंग्रजांनी शिपायांसाठी बांधलेलं एक जुनं चर्च होतं. रिक्षावाले त्याला 'घंटेवाला गिरजा' म्हणत. घंटा कधीच चोरीला गेली होती. मंडळी उरली होती थोडी, दहाबारा घरं, बहुतेक रेल्वेतली आणि इस्पितळातली. पाद्री महिन्यातून एकदा अलाहाबादहून यायचे. बाकीचे रविवार पाटोळे सांभाळायचे, कारण ते चर्चचे सेक्रेटरी होते. मंडळीत दुसरं कोणी ते काम घ्यायला तयार नव्हतं.

त्यांनी मला ते पहिल्यांदा दाखवायला नेलं तेव्हा मी दारातच थबकलो. उंच टोकदार कमानी, रंगीत काचांची मोठी खिडकी, भिंतींवर तापाने आणि पटकीने मेलेल्या कोवळ्या गोऱ्या पोरांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या. मी नुकतीच वास्तुकलेवरची दोन पुस्तकं वाचली होती. दोन पुस्तकं वाचलेला माणूस फार धोकादायक असतो. तिसऱ्यात पहिल्या दोहोंतलं खोडून काढलेलं असतं, हे त्याला ठाऊक नसतं. मी हात पसरून म्हणालो, "पाटोळे, हे गॉथिक आहे!"

"हो का?" ते म्हणाले. "आम्ही गळकं म्हणतो."

मग त्यांनी त्यांचं चर्च मला दाखवलं. वटवाघळं कुठं लटकतात, थंडीत कुठल्या दारातून वारा येतो, कुठल्या बाकाला वाळवी लागली आहे. त्यांना आणि मंडळीला हे सगळं पाडून तिथे एक साधा हॉल बांधायचा होता. सपाट स्लॅब, पंखे, ट्यूबलाइट, धुता येईल अशी फरशी. रूथकाकूंचे गुडघे त्या दगडी जमिनीने गेले होते.

"पाडणार?" मी हादरून म्हणालो. "अहो, हा वारसा आहे!"

"कोणाचा?"

"आपल्या सगळ्यांचा."

त्यांनी मला नीट न्याहाळलं, जणू माझ्यावर पत्ता अर्धवट लिहिला आहे. "अस्सं," ते म्हणाले. "मग रविवारी या ना. सगळे या."

गेलो एका रविवारी. पावसाळ्याचे दिवस होते. आत शिरलो तर मंडळी छत्र्या उघडून बाकांवर बसली होती. कोणाला त्यात विशेष वाटत नव्हतं. उभं राहायचं आलं की सगळ्या काळ्या छत्र्या एकदम वर जायच्या, बसायचं आलं की खाली यायच्या. पाटोळे एका हाताने छत्री आणि दुसऱ्या हाताने शास्त्र, म्हणजे बायबल, धरून वाचत होते. पान उलटायची वेळ आली की रूथकाकू उठून छत्री धरायच्या, पान उलटलं की बसायच्या. माझ्या छत्रीचं पाणी शेजारच्या नर्सबाईंच्या मांडीवर गळत होतं, हे त्यांनी सांगेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. मी वर, कमानीच्या जोडाकडे पाहत होतो.

दुसऱ्या एखाद्याने घरी जाऊन छपराचं काही करता येईल का ते पाहिलं असतं. मी घरी जाऊन लेख लिहिला.

लेख एका हिंदी दैनिकात छापून आला आणि त्यातून आमचं मंडळ जन्माला आलं. मंडळाचं नाव इतकं लांब होतं की पावतीपुस्तकावर मावेना. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, सचिव मी, आणि सदस्य प्राध्यापक, डॉक्टर, एक साडीचे व्यापारी. त्यांत ख्रिस्ती कोणी नव्हता, आणि खरं सांगायचं तर देवळात नेमाने जाणाराही फारसा कोणी नव्हता. त्या वर्षांत शहरात देऊळ आणि मशीद हे शब्द जपून उच्चारावे लागत. घाटावरच्या एखाद्या जुन्या भिंतीबद्दल प्रेम दाखवलं तरी 'तुम्ही कोणत्या बाजूचे?' असा प्रश्न यायचा. चर्चचं बरं होतं. त्याच्यावरून कोणाचं भांडण नव्हतं. इंग्रज गेले होते, मंडळी लहान होती, आणि कोणाच्या डोळ्यांवर न येता आम्हाला संस्कृतिप्रेमी होता येत होतं. इतकं स्वस्त आणि सुरक्षित प्रेम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

सुधाचं मत वेगळं होतं. आम्ही त्याच वर्षी घराची जुनी कोरीव चौकट काढून लोखंडी जाळीचं दार बसवलं होतं आणि बैठकीत गुळगुळीत मोझेक घातलं होतं. "आपल्या दाराला गॉथिक म्हणत असते तर वाचलं असतं," ती म्हणाली.

मंडळाने पहिला कार्यक्रम ठरवला तो चर्चमध्येच : सतारवादन आणि भाषणं. पाटोळ्यांनी आढेवेढे न घेता किल्ली दिली. वेदीसमोर वाजवायला बसणं बरं दिसणार नाही, असं आमच्यातल्या एका समंजस सदस्याने सुचवलं. सगळ्यांना पटलं. म्हणून मंच दुसऱ्या टोकाला, मुख्य दाराजवळ घातला. मंच तिकडे गेला म्हणून आम्ही सगळे जड बाक ढकलत-ओढत फिरवून तिकडे तोंडं करून लावले. दुपारभर खपलो. घाम पुसत मी साडीवाल्यांना म्हणालो, "पाहा, त्यांच्या भावनेचा किती विचार केला आपण!"

संध्याकाळी पाहुणे आले. चपलांची रास दाराबाहेर साचली. आत बूट घालून बसलेले फक्त ख्रिस्ती होते. मी भाषणाला उभा राहिलो. विषय होता त्या वास्तूची शांतता. मी म्हणत होतो, की शांततेला धर्म नसतो. आणि तेवढ्यात अगदी मागून, वेदीच्या बाजूने, दगडावर लाकूड घासल्याचा कर्कश आवाज आला.

पाटोळे आणि रूथकाकू उशिरा आले होते. बाजूच्या दाराने आत येऊन ते दोघं शेवटच्या, म्हणजे खरं तर त्यांच्या पहिल्या, बाकाशी उभे होते. त्यांनी पाहिलं की सगळं शहर त्यांच्या वेदीकडे पाठ करून बसलं आहे.  एका टोकाला पाटोळ्यांनी धरलं, दुसऱ्या टोकाला काकूंनी, आणि दोघांनी मिळून तो एक बाक पुन्हा पूर्ववत फिरवला. त्यावर बसले. दीड-दोनशे माणसं एकीकडे तोंड करून, आणि ही दोन माणसं दुसरीकडे. सगळे माना वळवून त्यांच्याकडे पाहत होते आणि मी त्या सगळ्यांना शांततेविषयी सांगत होतो. आमची चूक मला मध्येच उमगली. पण भाषण पाठ केलेलं होतं, मध्ये थांबायची जागा सापडेना.

नंतर मी धावत त्यांच्याकडे गेलो. "पाटोळे, रागावलात?"

"छे हो," ते म्हणाले. "इतकी वर्षं इकडे तोंड करून बसतोय, आता मान वळत नाही. सतार गोड होती. तुमचं भाषणही ऐकलं, पाठीतून."

"कसं वाटलं?"

"पॅकिंग फार छान."

त्यांनी मला क्षमा केली की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखेच रूथकाकूंच्या हातचं लोणचं घेऊन घरी आले.

आमच्या मंडळाला यश आलं. अर्ज गेले, फोटो गेले, न्यायाधीशांनी ओळखी वापरल्या, आणि एका सरकारी कचेरीने ती इमारत संरक्षित ठरवून फाटकाशी निळा फलक लावला. फलकावर लिहिलं होतं की परवानगीशिवाय इथे खिळासुद्धा ठोकता येणार नाही. हॉलचा बेत अर्थातच बारगळला. मी पेढे घेऊन पाटोळ्यांकडे गेलो. त्यांनी पुडा तळहातावर तोलला आणि बाजूला ठेवला.

"म्हणजे बांधायचं नाही, पाडायचं नाही, दुरुस्तही करायचं नाही," ते म्हणाले. "मंग करायचं काय?"

"अभिमान बाळगायचा," मी म्हणालो. हे वाक्य मी खरोखर बोललो. सुधा साक्षीला होती आणि तिने ते पुष्कळ वर्षं जपून वापरलं.

दुरुस्तीच्या परवानगीसाठी पाटोळ्यांनी अर्ज केला. अर्ज इथल्या कचेरीतून लखनौला गेला. लखनौहून कोणीतरी पाहणीला येणार असं उत्तर आलं आणि कोणी आलं नाही. दुसरा पावसाळा आला. मंडळी छत्र्यांखाली बसत राहिली. आता मात्र छत्र्यांचे फोटो काढायला लोक येऊ लागले होते.

आणि एके दिवशी दुपारी पाटोळे आमच्या घरी आले. बरोबर एक हमाल, त्याच्या डोक्यावर गोणपाटात बांधलेलं काहीतरी. ब्रह्माघाटाच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. ते एवढं ओझं चौकापासून चालत आणवलेलं. हमालाने ते आमच्या बैठकीत, मोझेकवर ठेवलं. पाटोळ्यांनी गोणपाट सोडलं. आत जुन्या गिलाव्याचं एक मोठं ढेकूळ होतं, कमानीची एक नक्षीदार कड अजून शाबूत असलेलं.

मी खाली वाकलो. "अरे वा!" मी म्हणालो. "चुना आणि विटांची सुरखी! आणि हे पाहिलंत, यात ताग घातलाय—"

"उचलून बघा," पाटोळे म्हणाले.

मी उचलायला गेलो. उचलेना.

"काल सकाळी उपासना चालू असताना पडलं," ते म्हणाले. "रूथच्या जागेवर. तिला ताप होता म्हणून ती घरी होती."

ते हळू बोलत होते. राग असता तर मला सोपं गेलं असतं. सुधा आतून पाणी घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली. पाटोळ्यांनी पाणी घेतलं, प्यायले, पेला परत दिला आणि म्हणाले, "नेवासकर, मी हे पार्सल तुमच्या पत्त्यावर आणलं. कारण लखनौचा पत्ता मला माहीत नाही आणि वारसा तुमचा आहे. तुम्ही सोडवून घ्या."

ते गेले. ढेकूळ तिथेच राहिलं. मी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "सुधा, हे म्युझियममध्ये—"

"कपडे बदला आणि न्यायाधीशांकडे जा," ती म्हणाली.

गेलो. न्यायाधीश सज्जन होते. म्हणाले, "अवश्य लिखेंगे." लिहिलं असतंही, पण लिहिण्याने काय होतं हे मला एव्हाना कळलं होतं. मी प्रथमच मंडळाच्या सचिवाला न शोभणारी गोष्ट केली, म्हणजे पाटोळ्यांना विचारलं की काय करावं.

ते म्हणाले, "साहेबांना रविवारी घेऊन या. पाऊस बघून."

पाऊस बघून मी न्यायाधीशांना रविवारी नेलं. पाटोळ्यांनी दारात स्वागत केलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, आप यहाँ बैठिए. यहाँ से खिड़की सबसे अच्छी दिखती है." खिडकी तिथून खरंच सुंदर दिसायची. न्यायाधीश बसले. सचिव म्हणून शेजारी मी बसलो. छत्र्या ड्रायव्हरने गाडीत ठेवल्या होत्या. पहिलं गीत संपायच्या आत कमानीच्या जोडातून धार सुरू झाली ती न्यायाधीशांच्या टकलावर. त्यांनी उठायला पाहिलं, पण तेवढ्यात पाटोळ्यांनी प्रार्थना सुरू केली आणि सगळ्या मंडळीने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांच्या माणसांमधून उठून जाणं सभ्य गृहस्थाला जमत नाही. पाटोळ्यांनी त्या दिवशी देशासाठी, राज्यासाठी, शहरासाठी, सर्व आजारी माणसांसाठी, प्रवाशांसाठी, शेतकऱ्यांसाठी, आणि न्यायदानाचं काम करणाऱ्या सर्वांसाठी सविस्तर प्रार्थना केली. माझ्या कॉलरीतून पाणी आत शिरत होतं. न्यायाधीशांच्या उरल्यासुरल्या केसांतून ते सुरेख वाहत होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी रुमाल पिळला.  मग पाटोळ्यांना म्हणाले, "हर इतवार ऐसा होता है?"

"नहीं सर," पाटोळे म्हणाले. "ठंड में सूखा रहता है. सिर्फ़ पत्थर गिरता है."

न्यायाधीश स्वतः लखनौला गेले. परवानगी आली. मंडळातल्या लोकांनी वर्गणी काढली, साडीवाल्यांनी मोठा वाटा उचलला, मिर्झापूरकडचे चुन्याचं काम करणारे गवंडी आले, आणि पुढच्या पावसाळ्याआधी छप्पर बांधून झालं. काम चालू असताना पाटोळे रोज ड्यूटीवरून सुटल्यावर तिथे जायचे. शिडीखाली उभं राहून वर पाहायचे. त्यांना अजूनही ट्यूबलाइटचा हॉलच हवा होता. हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. "पण आता कोरडं आहे," ते म्हणाले. "रूथ म्हणते, कोरडं आहे ना, मग असू द्या गॉथिक."

पुढे ते चर्च बघायला लोक येऊ लागले. परदेशी लोक, विद्यापीठातली मुलं, चित्रं काढणारे. बघणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि बसणाऱ्यांची कमी होत गेली. रेल्वेतल्यांच्या बदल्या झाल्या, नर्सबाई केरळला परत गेल्या. कधी कधी रविवारी बाकांवर चार माणसं असत आणि भिंतीलगत चाळीस उभी असत. पाटोळ्यांना त्याचं काय वाटायचं ते मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "येऊ द्या. कोणी का येईना, दार उघडं राहतं."

ते निवृत्त झाले तेव्हा शेवगावला परत जायचं ठरलं. मुलगी नगरला होती, काकूंच्या गुडघ्यांना तिकडची कोरडी हवा बरी. जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी मी गेलो. डिसेंबर होता, बाहेर दाट धुकं. आत रूथकाकू, रेल्वेतले एक म्हातारे ड्रायव्हर आणि त्यांची बायको. पाटोळे हिंदीत प्रार्थना करत होते. मी सवयीने मागे भिंतीशी उभा होतो.

दार ढकललं गेलं आणि बायका-माणसांचा एक घोळका आत आला. माकडटोप्या, स्वेटर, नऊवारी आणि पाचवारी, हातांत गंगाजळाचे गडू. साताऱ्याकडून काशीयात्रेला आलेली बस होती. त्यांच्या मॅनेजरने निळा फलक वाचून हे ठिकाण यादीत घातलेलं. मराठी ऐकताच माझ्या अंगात उत्साह संचारला. मी पुढे झालो आणि हलक्या आवाजात कमानींविषयी सांगायला लागलो. एका गृहस्थांनी माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं आणि विचारलं, "इथं लघवीची सोय कुठंय?"

तेवढ्यात पाटोळ्यांच्याही कानावर ती मराठी गेली. प्रार्थनेच्या मधोमध ते थांबले. आणि पुढचं वाक्य त्यांनी मराठीत म्हटलं. जिथे हिंदी सुटली होती तिथूनच, आवाज न बदलता.

घोळक्यातली कुजबुज थांबली. एक म्हातारी, पाठीत वाकलेली, लोकांमधून वाट काढत सरळ पुढे गेली. तिला बहुतेक ते कुठल्या देवाचं ठाणं हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून चालत होतं. ती पाटोळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "म्हाराज, माझ्या नातवासाठी बी म्हना की. पडून हाय सा म्हैनं."

"नाव काय आजी?"

"सोमनाथ."

पाटोळ्यांनी डोळे मिटले आणि सोमनाथसाठी प्रार्थना केली. ते होतंय तोच दुसरी बाई पुढे आली. तिला सुनेसाठी म्हणून घ्यायचं होतं. मग माकडटोपीतले एक गृहस्थ. त्यांचा भाऊ घर सोडून गेला होता. मग मॅनेजर स्वतः. रांग लागली. बाहेर बसचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. रूथकाकूंनी म्हातारीला हाताला धरून बाकावर बसवलं आणि तिच्या पायांवर आपली शाल टाकली. पाटोळे एकेक नाव विचारत होते आणि ते नाव मराठीत, सावकाश, कोणाची घाई नसल्यासारखं देवापुढे ठेवत होते. रंजना. विठ्ठल. बारकू. सुमन.

मीही कधी पुढे सरकत गेलो ते कळलं नाही. रांग संपली तेव्हा तिच्या टोकाला मी उभा होतो. पाटोळ्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं काय, नेवासकर?"

"माझं काही नाही," मी घाईने म्हणालो. "मी आपला नुसता बघतोय."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले. ओठ हलत राहिले. आवाज फार हळू होता, पण त्या इमारतीत हळू बोललेलंही ऐकू येतं. त्यात सुधाचं नाव होतं, आमच्या मुलीचं होतं, आणि शेवटी माझं. गावासकट.